आमची वाटचाल : बारीक करण्यापलीकडचं काम

सुरुवात जॉबवर्कची. ठिसूळ मिश्रधातू यायचे, ते बॉल मिलमध्ये, म्हणजे आत कडक गोळे असलेल्या फिरत्या ड्रममध्ये दळून, चाळून आम्ही परत द्यायचो. ऑर्डरीवर फक्त मेश, म्हणजे चाळणीच्या एका इंचात किती भोकं, तो आकडा लिहिलेला असे. ३२५ च्या चाळणीतून माल उतरला की बिल निघे.

मग रंगाच्या धंद्यातला एक ग्राहक ॲल्युमिनिअम पावडर घेऊन आला. त्याला ती बारीक नको होती, चपटी हवी होती. ॲल्युमिनिअम किंवा तांब्यासारखा मऊ धातू गोळ्यांखाली सहजासहजी फुटत नाही, तो लाटला जातो. लाटताना ऑक्साइड नसलेला ताजा पृष्ठभाग उघडा पडतो आणि दाबाखाली कण एकमेकांना चिकटतात. पापुद्र्यांऐवजी खडेच हाती येतात. यावरचा उपाय जुनाच आहे : थोडं स्टिअरिक आम्ल, म्हणजे चरबीतलं मेणासारखं आम्ल. त्याच्या थरामुळे कण चिकटत नाहीत, शिवाय रंगात हे पापुद्रे वर तरंगून चकचकीत थर धरतात. ओलेइक आम्ल वापरलं तर ते रंगात आतपर्यंत पसरून राहतात.

वेग वाढवला की काम लवकर उरकेल, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. पण एका मर्यादेपुढे गोळे ड्रमच्या भिंतीला चिकटून नुसते फिरत राहतात. एक मीटर व्यासाच्या ड्रमला ही मर्यादा मिनिटाला साधारण ४२ फेऱ्यांची. तिच्या फार जवळ गेलं तर गोळे उंचावरून आदळून पापुद्रे फाटतात, कडा दातेरी होतात. म्हणून आम्ही बऱ्याच कमी वेगाने, लहान गोळ्यांवर, जास्त तास मिल चालवतो. वेळ जातो, जाऊ दे.

ॲल्युमिनिअम आम्ही मिनरल टर्पेंटाइन या द्रवातच दळतो. कोरडं दळायचं तर नायट्रोजनमध्ये मोजून थोडा ऑक्सिजन सोडावा लागतो. तो अजिबात नसेल तर उघड्या पृष्ठभागाची पावडर हवेत काढताच पेटू शकते. कोरड्या दळणाच्या ऑर्डरी आम्ही सरळ नाकारतो.

पुढे साच्यात दाबून सुटे भाग बनवणारे आले, त्यांची गरज नेमकी उलटी. चपटी पावडर हॉल फ्लोमीटरच्या (पावडर किती सहज वाहते ते मोजणाऱ्या नरसाळ्याच्या) अडीच मिलिमीटर भोकातून धड उतरत नाही, मग साचा सारखा कसा भरणार? त्यांची वेडीवाकडी पावडर आम्ही थोडाच वेळ फिरवतो, फक्त कोपरे झिजेपर्यंत. माराने ती कडक होते, म्हणून नंतर भट्टीत ॲनीलिंग, म्हणजे तापवून पुन्हा मऊ करणं.

सध्या वीजवाहक पेस्टसाठी तांब्याचे पापुद्रे करतो. त्यात लोखंडाचा अंश चालत नाही, म्हणून त्या मिलमध्ये स्टीलऐवजी झिर्कोनियाचे (एका कडक सिरॅमिकचे) गोळे आहेत, आणि तिच्यात दुसरा धातू टाकायला बंदी आहे.