ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट फिकट येतायत?

पोर्ट्रेट फिकट आलं की लोक लगेच फिल्मला नावं ठेवतात, पण आधी लाईट बघा ना. ढगाळ दुपारी उघड्यावर चेहऱ्यावर सावलीच पडत नाही, मग कॉन्ट्रास्ट येणार कुठून? त्याच माणसाला खिडकीकडे एक गाल येईल असं बसवा, घरातले दिवे बंद करा आणि सावलीतल्या गालाजवळ काळं कापड धरा, नाक-जबड्याची कड अशी उठून येते की बघतच राहावं.

लाल फिल्टर आकाशाला भारी, चेहऱ्याला नको, त्वचा पांढरीफटक आणि ओठ गायब. पिवळा-हिरवा लावा, साधारण एक स्टॉप एक्स्पोजर वाढवा (म्हणजे फिल्मवर दुप्पट उजेड), ओठ गडद होतात आणि सावळ्या रंगाला काय सुंदर टोन मिळतो!

आणि डेव्हलपिंग. इलफर्ड एचपी५ प्लस फिल्मचा रोल ४०० आयएसओला काढला तर आयडी-११ डेव्हलपरमध्ये १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० डिग्री सेल्सिअसला १३ मिनिटं सांगितलीयत, सपाट उजेडातला रोल असेल तर मी १५ करते, कारण सावल्या ठरतात एक्स्पोजरवर आणि हायलाइट, म्हणजे उजळ भाग, वर चढतात ते डेव्हलपिंगच्या वेळेने. कडक उन्हातल्या रोलला हे अजिबात नको, कपाळ जळतं. उरलासुरला कॉन्ट्रास्ट प्रिंट काढताना मल्टीग्रेड कागदावर (याचा कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करता येतो), जरा कडक अशा ग्रेड ३ ला.