एका मडगार्डसाठी सहाशे मैल

बाथरूमच्या फरशीचे डाग काढायचं अ‍ॅसिडवालं द्रावण मी सायकलच्या पुढच्या मडगार्डवर लावलं आणि फोन वाजला म्हणून घरात गेलो. वीस मिनिटांनी गॅरेजमध्ये परत आलो तेव्हा गंज गेला होता, पण क्रोमही गेलं होतं. आरशासारख्या निळसर चकाकीच्या जागी पिवळट, मंद झाक उरली होती. ते होतं खालचं निकेल. साठ-पासष्ट वर्षं बर्फ, पाऊस आणि अंधाऱ्या तळघरात टिकलेली वस्तू मी वीस मिनिटांत घालवली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सायकल श्विन कंपनीची कॉर्व्हेट, १९५० च्या दशकातली. शिकागोजवळ आम्ही राहतो तिथून जवळच एका घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत ती मिळाली होती. क्रोमचं हँडल, क्रोमच्या रिम, पुढे क्रोमचं छोटं कॅरिअर आणि दोन्ही मडगार्डही क्रोमची. ही सायकल शिकागोतच बनलेली. इग्नाझ श्विन आणि अ‍ॅडॉल्फ अर्नोल्ड यांनी १८९५ मध्ये तिथे कारखाना काढला होता.

मडगार्डला पुन्हा क्रोम चढवून घेता आलं असतं. प्लेटिंगवाल्याकडे जाऊन आलोही. त्याने सरळ सांगितलं, "करून देतो, पण हे एकच नवं झालं की बाकीची सायकल मेलेली दिसेल. मग मागचं मडगार्ड आणाल, मग हँडल, मग रिम." त्याचं म्हणणं पटलं. मला माझ्या सायकलीच्याच वयाचं मडगार्ड हवं होतं, आणि ते मिळण्याची सगळ्यात जास्त शक्यता एप्रिलच्या अखेरीस मिशिगनमध्ये भरणाऱ्या जुन्या सायकलींच्या बाजारात होती. हा बाजार अजूनही अ‍ॅन आर्बरच्या नावाने ओळखला जातो, पण आता तो मन्रो गावच्या जत्रेच्या मैदानावर भरतो. बायको म्हणाली, "एवढं जाणारच आहेस तर वाकडी वाट करून ते ओहायोतलं म्युझियमही बघून येऊ. नाहीतर पुढची दोन वर्षं तेच ऐकवशील." म्हणून शनिवारी न्यू ब्रेमेन आणि रविवारी मन्रो असं ठरलं.

पहाटे निघालो. इंडियाना ओलांडेपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. सपाट रस्ता, मक्याची कापलेली धाटं आणि ओली काळी माती. फोर्ट वेन मागे पडल्यावर क्षितिजावर पवनचक्क्यांची रांग दिसली आणि ओहायोत शिरल्यावर दक्षिणेला वळलो. शिकागोच्या घड्याळापेक्षा इथे एक तास पुढे असतो, तो तास वाया गेल्याची हळहळ वाटत होती, कारण म्युझियम शनिवारी लवकर बंद होतं.

न्यू ब्रेमेन हे चिमुकलं गाव १८३३ मध्ये जर्मन स्थलांतरितांनी वसवलं. मधून मायामी-ईरी कालवा जातो, एकेकाळी सिनसिनाटीपासून टोलेडोपर्यंत बोटी नेणारा. त्याच्या पहिल्या नंबरच्या लॉकजवळ, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोटी वरखाली करायच्या दरवाजांपाशी, आम्ही गाडी लावली. बायसिकल म्युझियम ऑफ अमेरिका तिथून चार पावलांवर. अशा आडगावात एवढा मोठा संग्रह कसा आला, तर १९९७ मध्ये श्विन कुटुंबाचा संग्रह शिकागोत लिलावात निघाला तेव्हा याच गावातल्या क्राउन कंपनीचे जिम डिकी यांनी त्यातला मोठा भाग विकत घेतला. त्याआधी पाच वर्षं श्विन कंपनीचं दिवाळं निघालं होतं. तो संग्रह एकेक करून विखुरला असता तर काय झालं असतं, हा विचार मला तिथल्या प्रत्येक मजल्यावर येत राहिला.

उंच चाकांच्या सायकलींसमोर बायको बराच वेळ रमली. मी सरळ बलून टायरवाल्या, म्हणजे जाड फुगीर टायरांच्या, सायकलींकडे गेलो.

ही सगळी कथा टायरपासून सुरू होते. १९३३ पर्यंत अमेरिकेत सायकलला रिमवर चिकटवलेला, एकाच नळीचा टायर असे. पंक्चर काढणं म्हणजे शिक्षा. महामंदीत मोठ्या माणसांनी सायकल सोडलीच होती. अशा वेळी इग्नाझचा मुलगा फ्रँक श्विन याने २६ बाय २.१२५ इंचाचा, आत वेगळी ट्यूब असलेला जाड टायर बाजारात आणला. जाड टायरला जाड फ्रेम शोभते, जाड फ्रेमला खोटी पेट्रोलची टाकी शोभते, टाकीला हॉर्न आणि पुढे दिवा. दोन-तीन वर्षांत मुलांच्या सायकली मोटरसायकलसारख्या दिसू लागल्या. वजन वाढलं, गिअर नाही, ब्रेक पेडल उलटं दाबून लागणारा. चढावर या सायकली माणसाचा जीव काढतात, हे मी अनुभवाने सांगतो. पण सपाट रस्त्यावर, वारा पाठीवर असताना त्या जशा वाहत जातात तशी दुसरी सायकल मी चालवलेली नाही.

मग युद्ध आलं. १९४२ पासून निकेल, तांबं, क्रोम सगळं शस्त्रांकडे वळलं. त्या काळातल्या अमेरिकन सायकलीच्या हँडलला आणि रिमला नुसता रंग असतो. संग्राहक त्यांना 'ब्लॅकआउट' म्हणतात. ते काळं हँडल डोळ्यांसमोर ठेवलं की युद्धानंतरच्या सायकलींवर क्रोमचा एवढा महापूर का आला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि त्या महापुराचं टोक म्हणजे ब्लॅक फँटम. १९४९ ते १९५९. चमचमती मडगार्ड, टाकीत हॉर्न, पुढच्या चिमट्यावर स्प्रिंग, त्याच चिमट्यात किल्लीचं कुलूप, मागच्या कॅरिअरमध्ये दिवा. मी तिच्यासमोर किती वेळ उभा होतो ते बायकोने घड्याळ दाखवलं तेव्हा कळलं. कंपनीच्या शताब्दीला, १९९५ मध्ये, हिची नवी आवृत्ती निघाली होती. ती सुरेख आहे, पण जुन्या सायकलीच्या क्रोमखाली कुठे कुठे दिसणारे मिरपुडीएवढे ठिपके तिच्यात नाहीत.

त्या ठिपक्यांबद्दल थोडं सांगतो. नाहीतर माझं मडगार्ड का गेलं ते कळणार नाही. पोलादावर आधी निकेलचा थर असतो, पुष्कळदा त्याखाली तांब्याचा. सगळ्यात वर क्रोम, तेही केसाच्या जाडीच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढं. ते कठीण असतं, पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. पाणी तिथून शिरतं, निकेलला भोक सापडलं की पोलादापर्यंत पोहोचतं आणि गंज खालून वर फुलतो. म्हणजे ठिपका दिसतो एवढासा, पण क्रोम बहुतेक जागी शाबूत असतं. त्यावर सगळ्यात चांगला उपाय अगदी साधा आहे. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने घासायचा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही आणि गंज काळ्या चिखलासारखा सुटून येतो. मग कोरडं पुसून मेण लावायचं. जास्त गंजलेले नट-बोल्ट असतील तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सौम्य पाण्यात ठेवायचे आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचे. पण फरशी साफ करायच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि ते क्रोमच विरघळवून टाकतं. हे मला आधी माहीत असायला हवं होतं.

बलून टायरवाल्यांपासून थोड्या अंतरावर १९५५ ची हफी रेडिओबाइक होती, टाकीत रेडिओ आणि मागच्या कॅरिअरवर बॅटरी. हफीचा कारखाना इथून जवळच, सेलायना गावी होता. १९९८ मध्ये तो बंद झाला. तिथेच बोडेन स्पेसलँडरही पाहिली. बेंजामिन बोडेन या इंग्रज माणसाने १९४६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी ती कल्पिली आणि १९६० मध्ये मिशिगनमध्ये फायबर ग्लासमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास बनल्या. लोक तिच्यासमोर फोटो काढत होते. मला ती आवडली नाही. सायकलीला नट, वेल्डिंग, स्पोक असे हात लावण्याजोगे अवयव हवेत. ती एकाच साच्यातून निघाल्यासारखी वाटते.

संध्याकाळी कालव्याकाठी फिरलो आणि लवकर झोपलो.

रविवारी अंधारातच उत्तरेचा हायवे धरला. टोलेडो ओलांडून मन्रोच्या मैदानात शिरलो तेव्हा गवतावर दव होतं आणि लोक टॉर्च घेऊन सौदे करत होते. ताडपत्र्यांवर सायकलींचे अवयव मांडलेले. इथे नुसतं चालणंसुद्धा शिक्षण आहे. एका ताडपत्रीवर मॉरो कंपनीचे हब, म्हणजे चाकाच्या मधोमधचे तुंबे, होते. त्यांच्यावर एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो, अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. दुसरीकडे न्यू डिपार्चर कंपनीचा ब्रेक उघडून ठेवला होता, आत पोलादाच्या आणि काशाच्या पातळ चकत्या एकाआड एक. शेजारी एक तरुण मुलगा एक-तुकडी क्रँक, म्हणजे दोन्ही पेडलांचे दांडे एकसंध असलेला भाग, खोलायला पाना लावून जीव खाऊन फिरवत होता. डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो हे मी त्याला सांगितलं. त्याने पाना उलटा फिरवला आणि तो सुटला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझा मूड सुधारला.

टायरही बघितले. कॉर्व्हेटला २६ बाय १ ३/४ इंचाचा टायर लागतो आणि दुकानात मिळतो तो २६ बाय १.७५. पावणेदोन ते पावणेदोनच, असं आपलं गणित सांगतं. पण श्विनची ती रिम ५७१ मिलिमीटरची आणि दुसरा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमचा. बारा मिलिमीटरचा फरक. मी सुरुवातीला चुकीचा टायर आणून दोन तास झटलो होतो. या वेळी रिमचा मिलिमीटरमधला आकडा वाचून, हाताने चाचपून घेतला.

मडगार्ड मात्र मिळेना. एक होतं ते चेपलेलं, दुसरं बलून टायरचं, म्हणजे रुंद. तिसऱ्याला नवं क्रोम चढवलेलं, इतकं चकचकीत की माझ्या मागच्या मडगार्डला लाज वाटली असती. अकरा वाजत आले. बायको शेवटच्या रांगेतून हाक मारत आली, "अरे, इकडे ये. एक आजोबा आहेत, त्यांच्या व्हॅनमध्ये अजून सामान आहे."

आजोबांनी आधी विचारलं, "सायकलीचा फोटो आहे?" मी दाखवला. त्यांनी तो मोठा करून मागचं मडगार्ड निरखून पाहिलं. मग व्हॅनमधून एकामागून एक तीन मडगार्ड काढली आणि त्यातलं सगळ्यात चांगलं बाजूला ठेवलं. मी तेच उचलायला हात पुढे केला.

"ते नका घेऊ," ते म्हणाले. "तुमच्या मागच्याला डाव्या कडेने ठिपके आहेत. हे बघा, यालाही तसेच आहेत. दोन्ही एकाच घरात म्हातारी झाल्यासारखी दिसतील."

त्यांनी स्वतःहून स्वस्तातलं मडगार्ड पुढे केलं होतं. चाळीस डॉलर रोख दिले. मी त्यांना अ‍ॅसिडची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, त्यांनी १९६० च्या दशकात एका ब्लॅक फँटमवर ब्रशने घरचा निळा रंग फासला होता आणि ती सायकल अजून त्यांच्याकडे आहे.

पैसे दिल्यावर माझं लक्ष गेलं. मडगार्डच्या पुढच्या टोकाला दोन छोटी भोकं होती. कुणीतरी दिवा बसवला होता. आजोबा म्हणाले, "म्हणून तर चाळीस. नाहीतर सत्तर घेतले असते."

मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळून ते घरी आणलं. मंगळवारी संध्याकाळी फॉइलचा बोळा घेऊन बसलो आणि तासाभरात काळं पाणी ओघळून खालच्या क्रोममध्ये आभाळ दिसू लागलं. मेण लावलं. पट्ट्यांची भोकं पहिल्याच फटक्यात जुळली. सायकल दारात उभी केली तेव्हा मागचं कुठलं आणि पुढचं कुठलं हे बायकोला ओळखता आलं नाही.

ती दोन भोकं बुजवायची का, हे दोन दिवस मनात घोळत होतं. बुजवायची म्हणजे तिथलं क्रोम घासणं आलं. कुणा मुलाने रात्री घरी परतताना वाट दिसावी म्हणून ती पाडून घेतली असणार. मी त्यांच्या कडांना आतून थोडं मेण लावलं, गंज पसरू नये म्हणून, आणि इंडियानातल्या मॅरियन गावच्या डेल्टा कंपनीच्या जुन्या दिव्यांच्या पायाची मापं एका कागदावर उतरवून घेतली. त्यातल्या एकाच्या स्क्रूंमधलं अंतर या भोकांशी तंतोतंत जुळतं.