नागपुरातले खून कमी झाले असतील, पण ‘हाफ मर्डर’चे काय?

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले की विधानभवनात नागपूरच्या गुन्हेगारीवर चर्चा होणार, हे आता ठरूनच गेलेले आहे. विरोधी बाकांवरून ‘क्राइम कॅपिटल’ हा शब्द येतो आणि सत्ताधारी बाकांवरून मागच्या वर्षीपेक्षा खून किती कमी झाले याचा आकडा येतो. गेल्या दशकात बराच काळ गृहखाते नागपूरच्याच आमदाराकडे राहिल्यामुळे या वादाला दोन्ही बाजूंनी जरा जास्तच जोर चढतो. मी या शहरात जन्मलो आणि इथेच राहतो, त्यामुळे आकडा कमी झाला की मलाही बरे वाटते. मात्र तो आकडा नेमके काय मोजतो, हे पाहण्याचा प्रयत्न केल्यापासून ते समाधान पूर्वीइतके निखळ राहिलेले नाही.

खुनाच्या आकड्यावर सर्वांचा भरवसा असतो आणि त्याला सबळ कारण आहे. मृतदेह दडवता येत नाही, पंचनामा होतो, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत शवविच्छेदन होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. त्यामुळे ठाण्याच्या पातळीवर कितीही कागदी कसरत केली, तरी खून सहसा गायब करता येत नाही. अडचण ही की हा आकडा जितका विश्वासार्ह, तितकाच लहान आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहरात एकही खून झाला नाही, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले आणि ते स्वाभाविकही होते. परंतु समजा एखाद्या शहरात वर्षाला साठ, म्हणजे महिन्याला सरासरी पाच खून होतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, तर पोलिसांनी काहीही वेगळे केले नाही तरी दहा वर्षांत एखादा महिना पूर्ण कोरा जाण्याची शक्यता निम्म्याहून अधिक निघते. याच हिशेबाने साठाचे बावन्न होणे किंवा अडुसष्ट होणे हा निव्वळ योगायोगाचाही खेळ असू शकतो. आठ जीव वाचले तर ते वाचलेच, त्याचे मोल कमी नाही. पण तेवढ्यावरून शहर सुधारले किंवा बिघडले असा निष्कर्ष काढणे म्हणजे मृगाच्या दोन सरींवरून वर्षाचे पीक ठरवण्यासारखे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट नागपुरातल्या कोणत्याही पानठेल्यावर सहज कानावर पडणाऱ्या एका शब्दात आहे. ‘हाफ मर्डर’ म्हणजे खुनाचा प्रयत्न, जुन्या भारतीय दंड संहितेतले कलम ३०७ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतले कलम १०९. चाकू तोच, जुना वाद तोच, दारूच्या नशेतली शिवीगाळही तीच. वार बरगडीच्या वर बसला की खाली, आणि जखमीला मेडिकलच्या ट्रॉमा सेंटरपर्यंत किती वेळात नेले, यावर तो गुन्हा खुनाच्या रकान्यात जाणार की त्याच्या शेजारच्या, हे ठरते. देशभरात २०२२ मध्ये खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांतले सर्वाधिक, म्हणजे ९,९६२, वादावादीतून घडले होते; वैयक्तिक वैर हे त्यानंतरचे कारण होते. टोळीयुद्धातले नियोजित खून बातम्यांत ठळक दिसतात, पण पुष्कळसे खून हे भांडण हाताबाहेर गेल्याचे परिणाम असतात. अशा भांडणांत जीव जाणे आणि जीव वाचणे यांतला फरक पुष्कळदा शल्यविशारदाच्या हातात असतो. अमेरिकेत अँथनी हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासाचा रोख हाच होता: १९६० नंतर वैद्यकीय उपचार सुधारले नसते, तर तिथले खुनांचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त दिसले असते. त्यामुळे खून घटले आणि हाफ मर्डर घटले नाहीत किंवा वाढले, तर अभिनंदन पोलीस आयुक्तालयाचे करायचे की मेडिकलच्या निवासी डॉक्टरांचे, हा प्रश्न मला थट्टेचा वाटत नाही.

मग ३०७ चा आकडा पाहावा, असे कोणी म्हणेल. पण तिथे मृतदेह नसतो आणि म्हणूनच निवडीला वाव असतो. वार करणाऱ्याचा हेतू जीव घेण्याचा होता की केवळ दुखापत करण्याचा, हे सुरुवातीला ठाण्यातला अधिकारी ठरवतो. तीच घटना घातक शस्त्राने केलेली गंभीर दुखापत म्हणून किंवा त्याहून सौम्य, साधी दुखापत म्हणूनही नोंदता येते. आणि मारहाण किरकोळ वाटली तर ‘एनसी’ करून, म्हणजे अदखलपात्र नोंद करून, फिर्यादीला घरी पाठवता येते. त्यात कायदाही बदलला. जखमीला वीस दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीचे कामकाज करता आले नाही, तर जुन्या संहितेप्रमाणे ती गंभीर दुखापत ठरत असे. नव्या संहितेत ही मुदत पंधरा दिवसांवर आली आहे. म्हणजे तोच मार, तीच जखम, पण २०२४ च्या जूनमध्ये साधी आणि जुलैमध्ये गंभीर. हिसकावून केलेल्या चोरीसाठीही आता स्वतंत्र कलम आहे, त्यामुळे मंगळसूत्र ओढून नेण्याचे जे गुन्हे पूर्वी चोरीत किंवा जबरी चोरीत मोजले जात, ते आता वेगळ्या रकान्यात बसू शकतात. या संक्रमणाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरळ वजाबाकी करून कोणी टक्केवारी सांगत असेल, तर ती ऐकताना सावध राहावे.

जबरी चोरीचा विषय निघालाच आहे तर घरचा अनुभव सांगतो. माझा भाचा शिकवणीवरून रात्री परतत असताना दुचाकीवरच्या दोघांनी त्याला अडवले, एकाने कमरेचा चाकू दाखवला आणि मोबाइल काढून घेतला. आम्ही ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदाराने अगदी आपुलकीने समजावले, “भाऊ, पोरगा सुखरूप आहे ना? मग कशाला कोर्टकचेरीच्या लफड्यात पडता? ऑनलाइन गहाळची नोंद करून टाका, सिम लगेच मिळते.” माझ्या बहिणीला मुलाला पुन्हा त्या रस्त्यानेच जायचे आहे याची धास्ती होती, त्यामुळे तिनेही मान डोलावली, आणि मी, ज्याला या विषयात एवढा रस आहे, गप्प बसलो. कायद्याच्या भाषेत ती जबरी चोरी होती. सरकारच्या हिशेबात त्या रात्री आमच्या भागात एका विसरभोळ्या मुलाने फोन हरवला. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले आहे, हे मला त्या वेळीही ठाऊक होते.

हे प्रकार इथे नवे नाहीत, आणि त्यांचे टोक नागपूरने पाहिलेले आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबा नगरातल्या महिलांनी अक्कू यादव या गुंडाला भर न्यायालयात ठार केले. त्याआधी कित्येक वर्षे त्या वस्तीत बलात्कार, खंडणी आणि मारहाण सुरू होती. तक्रार करणाऱ्यांची दाद लागत नव्हती, उलट तक्रारीची बातमी गुंडापर्यंत पोहोचत होती, असे तिथल्या बायकांनी वारंवार सांगितले. ज्या काळात तिथली दहशत सर्वाधिक होती, त्याच काळात तक्रारी सर्वांत कमी असाव्यात, यात नवल नाही. त्यामुळे एखाद्या वस्तीतले विनयभंगाचे आणि बलात्काराचे गुन्हे वाढलेले दिसले, तर ती परिस्थिती बिघडल्याची खूण असेल किंवा बाया ठाण्याची पायरी चढू लागल्याची. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्र सरकारची एनसीआरबी ही संस्था स्वतःच आपल्या वार्षिक अहवालात बजावते. विधानभवनात मात्र तो भाग कोणी वाचून दाखवत नाही.

प्रमाणाचा, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागच्या गुन्ह्यांचा, हिशेबही तपासायला हवा. महानगरांसाठी एनसीआरबी अजून २०११ च्या जनगणनेचीच लोकसंख्या धरते आणि नागपूरसाठी ती सुमारे पंचवीस लाख आहे. त्यानंतर बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर या बाजूंना केवढी वस्ती वाढली, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. भाजक गोठलेला असल्याने आजचा दर प्रत्यक्षापेक्षा जास्तच दिसतो, म्हणजे इथे चूक शहराच्या विरोधात जाते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पोलिसांच्या बाजूनेही बरेच बोलता येते. सराईत गुंडांना एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली वर्षभर आत ठेवणे, टोळ्यांवर मकोका लावणे आणि तडीपारी यांचा परिणाम होत नाही, असे मी म्हणणार नाही. दोन गटांतले म्होरके आत असले की त्या भागात रात्री जाणवणारा फरक मी स्वतः अनुभवला आहे. मात्र स्थानबद्धता संपते आणि माणूस परत येतो. तडीपार केलेला गुंड तर शहराच्या वेशीपलीकडच्या गावात गेला तरी शहर आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर पडतो आणि तिथे त्याने काही केले, तर ते ग्रामीण पोलिसांच्या खात्यात जमा होते. शहराचा आकडा उतरतो, पण जिल्ह्याची बेरीज तीच राहू शकते.

या सगळ्यावर एक तपासणी उपलब्ध आहे आणि ती पोलिसांच्या कपाटात नाही. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या जबड्याच्या शल्यविशारदाच्या लक्षात आले की मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. त्यांनी जखमीचे नाव वगळून फक्त जागा, वेळ आणि हत्यार एवढीच माहिती आपत्कालीन विभागातून गोळा करून पोलिसांना द्यायला सुरुवात केली आणि गस्त त्याप्रमाणे आखली जाऊ लागली. आपल्याकडे मेडिकल आणि मेयोच्या अपघात विभागात एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरणांची, नोंद आजही होते. चाकू, तलवार, गुप्ती किंवा काठीने जखमी झालेले किती जण दर महिन्याला तिथे आले, एवढाच आकडा नावांशिवाय ठाण्यांच्या नोंदींशेजारी ठेवला, तर हाफ मर्डर घटले की नुसते रकाने बदलले, हे वर्षभरात दिसू लागेल. येत्या अधिवेशनात शहरातल्या कोणत्याही पक्षाच्या आमदाराने खुनाचा आकडा विचारण्याऐवजी हा प्रश्न विचारावा, एवढ्यासाठी मी सध्या पत्रे लिहितो आहे.