सीरोस बेटावरचं आमचं लग्न : माझा अनुभव

मी वसईची, कॅथलिक. नवरा ग्रीक, ऑर्थोडॉक्स या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा, एजियन समुद्रातल्या सीरोस बेटावरचा. हिंदू मैत्रिणीला तिथे ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा न घेता लग्न करता आलं नसतं, तिला नोंदणी लग्नच करावं लागलं असतं. माझा बाप्तिस्मा झालेला असल्यामुळे आमचं लग्न चर्चमध्ये लागू शकत होतं. मात्र कागदपत्रं दोन्हीकडची लागली.

आमच्या धर्मग्रामातून (म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमधून) बाप्तिस्म्याचा दाखला काढला, मिश्रविवाहासाठी बिशपांची परवानगी घेतली. अविवाहित असल्याचा दाखला वेगळा. मग अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि ग्रीक भाषांतर. खरी कसोटी मुलांच्या बाप्तिस्म्याची होती, कारण तो आपल्याकडे व्हावा असं दोन्ही चर्चना वाटतं. माझ्याकडून कॅथलिक चर्चने ‘शक्य ते सगळं करीन’ एवढंच वचन घेतलं. त्यावर आम्ही दोघं घरी खूप बोललो, रडलोही. हे बोलणं लग्नाआधीच करा, हे मी प्रत्येकीला सांगते.

सीरोसवर मात्र माझ्यासारखी माणसं नवीन नाहीत. वर आनो सीरोसमध्ये कॅथलिक वस्ती, खाली एर्मूपोलीत ऑर्थोडॉक्स, आणि ईस्टर दोघं एकाच रविवारी साजरा करतात. आमचं लग्न लावणारे पातेर (पाद्रीबाबांना तिथे अशीच हाक मारतात) स्वतः बायकामुलांचे. दीक्षेआधी लग्न केलं असेल तर ऑर्थोडॉक्स पाद्री संसारी असू शकतो. त्यांच्या घरी आम्ही कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने आधी कॉफी आणि चमच्याने खायचा मुरंबा पुढे केला, मग फाईल उघडली गेली.

लग्नाच्या तयारीत सासूबाईंनी मला एक जुना विनोदी सिनेमा दाखवला, योर्गोस त्झावेलासचा १९६५ सालचा. त्याचं नावच लग्नाच्या उपासनेतल्या एका ओळीवरून घेतलंय : ‘पत्नीने पतीचं भय धरावं’. लग्नाशिवाय वर्षानुवर्षं एकत्र राहणारं जोडपं, बायकोवर सतत डाफरणारा पुरुष. लग्न लागतं आणि ती मान ताठ करून बोलायला लागते. तिचं काम करणाऱ्या मारो कोंदूचा चेहरा त्या बदलानंतर बघण्यासारखा आहे. सिनेमा संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, “ही ओळ आली की त्याच्या पायावर पाय ठेवायचा.”

ती ओळ बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्रातली. ते पत्र आमच्याकडेही वाचतात, तरी ती ओळ मला बोचत होती. पातेरांना विचारलं. त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवून आधीच्या ओळींवर बोट ठेवलं : ख्रिस्ताने चर्चवर प्रेम करून स्वतःला अर्पण केलं, तसं पतीने पत्नीवर प्रेम करावं. “उतारा मी सावकाश वाचेन,” एवढंच म्हणाले.

वसईच्या लग्नाच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) वधूवर स्वतः वचनं उच्चारतात. इथे आम्ही दोघं गप्पच. कुंबारोस, म्हणजे लग्नाचा सोबती, ऑर्थोडॉक्सच लागतो. त्याने आमच्या अंगठ्या तीनदा अदलाबदल केल्या, मग रिबिनीने जोडलेले पांढरे मुकुटही तसेच तीनदा. एकाच पेल्यातली वाइन प्यालो. टेबलाभोवती पातेरांच्या मागोमाग तीन फेऱ्या मारताना चहूबाजूंनी तांदूळ आले, अगदी अक्षतांसारखे, फक्त जास्त जोरात. आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा. आणि हो, फेऱ्यांच्या आधी वाचन झालं तेव्हा ती ओळ आली आणि मी पाय ठेवला. मागून टाळ्या पडल्या, पातेरांनी वाचन क्षणभर थांबवलं आणि पुढचा शब्द हसत उच्चारला.

यानंतरची दोन कामं विसरू नका. लग्नाची नोंद तिथल्या नोंदणी कार्यालयात ४० दिवसांत करायची असते. आणि लग्नाचा दाखला आपल्या मूळ धर्मग्रामात पाठवा. बाप्तिस्म्याच्या वहीत तुमच्या नावासमोर लग्नाची नोंद फादर करून घेतात, पुढे चर्चचा कुठलाही कागद काढताना तीच पाहिली जाते.