गुडघ्याचा धातू विचारता, प्लास्टिकचं काय?

गुडघेबदल ठरला की घरात पहिली चर्चा धातूची. टायटॅनियमचा घ्यायचा की साधा? तो सोनेरी असतो, तो चांगला का? सरकारनं ऑगस्ट २०१७मध्ये कमाल किमती ठरवल्या, त्याही मुख्यतः धातूवरूनच: कोबाल्ट-क्रोम ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम ७६,६०० रुपये, जीएसटी वेगळा. पण झिजतं ते मधलं प्लास्टिक, आणि डिझायनरची निम्मी डोकेफोड त्याच्यापायीच असते.

मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमचं गुळगुळीत टोपण बसतं, नडगीवर ट्रे, बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. दोन्ही सहसा हाडांसाठीच्या खास सिमेंटनं बसवतात. ट्रेच्या खाचेत पॉलिथिलीनचा इन्सर्ट, म्हणजे ते मधलं प्लास्टिक, अडकवतात. टायटॅनियम हलकं खरं, पण त्यावर चरे पटकन पडतात. म्हणून घासणाऱ्या पृष्ठभागावर ते उघडं वापरत नाहीत. ‘टायटॅनियमचा गुडघा’ म्हटलं की कुठला भाग टायटॅनियमचा, हे आधी विचारावं. सोनेरी रंग बहुधा टायटॅनियम नायट्राइडच्या पातळ थराचा. निकेलची ॲलर्जी असेल तर त्याला अर्थ आहे. एरवी मी तरी त्यासाठी जादा पैसे मोजा म्हणणार नाही.

आता प्लास्टिक. चालताना गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. गोल धातूखाली सपाट प्लास्टिक ठेवलं तर सगळा दाब चिमूटभर जागेवर येतो, पृष्ठभागाखाली तडे जातात आणि पापुद्रे सुटतात. खोलगट केलं तर दाब पसरतो. पण गुडघा वाकताना थोडा वळतोही. ते वळणं अडलं की जोर ट्रेवर आणि सिमेंटवर जातो, आणि ट्रे सैल होतो. प्रत्येक मॉडेल म्हणजे या दोहोंमधली तडजोड.

जाडीचंही तसंच. ८ मिमीच्या खाली गेलं की प्लास्टिकमधला ताण झपाट्यानं वाढतो. गोम अशी, की पाकिटावरच्या १० मिमीत काही कंपन्या ट्रेची जाडीही धरतात. ट्रे २ मिमीचा असेल तर हातात उरलं ८.

पूर्वी हे इन्सर्ट हवा असलेल्या पाकिटातच गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. किरणांनी रेणूंच्या साखळ्या तुटत, तुटलेल्या टोकांना ऑक्सिजन चिकटे, आणि माल कपाटात पडल्या पडल्याच ठिसूळ होई. आता पाकिटात निर्वात किंवा निष्क्रिय वायू असतो. क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं, प्लास्टिक कमी झिजतं, पण क्रॉसलिंकिंग जास्त झालं की चिवटपणा जातो. गुडघ्यातला मागचा लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) काढून बसवायच्या प्रकारात इन्सर्टच्या मधोमध एक खुंटी असते. ती मोडण्याची भीती तिथेच.

मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाय-फ्लेक्स सांधे आले. खूप वाकवलं की टोपणाची मागची कड प्लास्टिकमध्ये रुतते, म्हणून मागचा गोलावा जाड करून लांबवतात. त्यासाठी मागचं हाड सुमारे २ मिमी जास्त कापावं लागतं.

झीज मोजायला सांधा यंत्रावर वासराच्या सीरममध्ये (रक्तातल्या पातळ द्रवात) ५० लाख आवर्तनं चालवतात. अधूनमधून इन्सर्ट काढून, धुऊन, वाळवून वजन करतात. प्लास्टिक द्रव शोषतं, म्हणून न घासलेला जोडीदार शेजारी बुडवून ठेवतात आणि त्याचं वाढलेलं वजन हिशेबात धरतात. या प्रमाणित चाचणीतलं प्रत्येक आवर्तन मात्र सपाट जमिनीवर चालण्याचं, गुडघा ६० अंशांच्या आत वाकवणारं. मांडी घालणं त्यात येतच नाही.