मीकल सेज लॉ आणि माझा डावा बूट

मागच्या रविवारी मीकल सेज लॉला जाऊन आलो. स्कॉटलंडमधल्या लॅमरम्युअर डोंगरांतली सगळ्यात उंच टेकडी, उंची किती तर 535 मीटर, सिंहगड चढणारा माणूस हसेल. इकडे लॉ म्हणजे टेकडी आणि मीकल म्हणजे मोठी, नावातच काय तो रुबाब, बाकी सगळं पसरट माळरान. एडिनबर्गहून गाडीने तासभर, रस्त्याकडेला पार्क केली आणि निघालो.

ऑगस्ट संपत आलाय त्यामुळे हेदर, म्हणजे इथल्या माळावरचं बुटकं झुडूप, फुल फॉर्मात. लांबून नुसतं जांभळं दिसतं, पण खाली बसून बघितलं तर काडीकाडीला मोहरीएवढ्या फुलांचे तुरे आणि खालचं खोड वाळक्या खराट्यासारखं, चालून चालून पँट गुडघ्यापर्यंत परागांनी पांढुरकी झाली.

मला इतके दिवस वाटायचं हे आपोआप उगवलेलं रान आहे. कसलं काय. डोंगराला ठिगळं लावल्यासारखे पट्टे दिसतात ना, ते मुद्दाम जाळलेले असतात, थंडीच्या दिवसांत. जळलेल्या जागी येणारे कोवळे कोंब ग्राऊस पक्ष्याला खायला, जुनं उंच हेदर त्याला लपायला. एवढी बडदास्त कशासाठी, तर 12 ऑगस्टपासून त्याला गोळ्या घालायला! (रविवारी सहसा शिकार नसते, म्हणून आम्ही रविवारी गेलो.)

इतकी शांतता की मधमाशा ऐकू येत होत्या, आणि अचानक पायाखालून एक ग्राऊस फडफडत उठला, माझं काळीज तोंडाशी, वर ओरडतो काय तर 'गो-बॅक, गो-बॅक, गो-बॅक'. खरंच तसंच ऐकू येतं. बायको म्हणाली, "घ्या, इथेपण व्हिसा चेक." अरे बाबा, 2003 च्या कायद्याने इथे खासगी माळावरूनसुद्धा नीट वागून कुणालाही चालता येतं, पण पक्ष्याला कोण सांगणार.

वर एक तारेचं कुंपण, सर्व्हेचा सिमेंटचा खांब, एकीकडे पवनचक्क्या. तिथेच एक हिरवागार मऊ तुकडा दिसला. "थांब रे, ते पीट आहे, दलदल" हे ऐकू येईपर्यंत डावा पाय गुडघ्यापर्यंत आत. पाय आला, बूट राहिला. पालथं पडून, हात कोपरापर्यंत घालून तो उपसला, आतून कोऱ्या चहासारखं पाणी ओतलं आणि त्याच हातांनी थालीपीठ खाल्लं.

उतरताना तोच, किंवा त्याचा भाऊ, पुन्हा ओरडला. म्हटलं जातोच आहोत रे.