शेरा

मोडीचा कोर्स केला होता. त्या जोरावर पुण्यातल्या एका कंपनीत जुनी हस्तलिखितं वाचून टाइप करायचं काम मिळालं. कागद मात्र निघाले अमेरिकेचे! त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या शिपायांचे पेन्शनचे अर्ज. दिवसाला 40 पानं, म्हणून मजकुरात गुंतायचं नाही हा माझा नेम. फायलीवरचं अक्षर बघायचं आणि पुढे जायचं: एस म्हणजे शिपायाला मंजूर, डब्ल्यू म्हणजे विधवेला मंजूर, आर म्हणजे नामंजूर.

त्या दिवशी सकाळीच एक आर आली. जेहू ग्रँट. जोड-एसमधला पहिला एस एफसारखा काढलेला, त्यामुळे 'काँग्रेस' लागायलाही दोनदा झूम करावं लागलं. वाटलं, नोकरीचे महिने कमी पडले असतील. पण 1832 च्या कायद्याला सहा महिने पुरत होते आणि याचे दहा भरत होते.

कारण पुढच्या पानांत होतं. जेहू गुलाम होता, ऱ्होड आयलंडमधल्या नॅरागॅन्सेटचा. मालक इंग्रजांच्या जहाजांना चोरून मेंढ्या, गुरं, चीज पुरवायचा. आपल्यालाही त्या जहाजांवर धाडतील या भीतीने जेहू ऑगस्ट 1777 मध्ये पळाला, डॅनबरी गावी अमेरिकन फौजेत भरती झाला आणि गाड्या हाकू लागला. पुढच्या जूनमध्ये मालकाने त्याला हुडकून परत नेलं. 1834 मध्ये सरकारचा जबाब आला: मालकाकडून फरार असताना केलेली नोकरी कायद्यात बसत नाही.

1836 मध्ये, ऐंशीच्या घरात, त्याने पुन्हा लिहिलं. स्वातंत्र्याची गाणी कानावर पडली आणि काळजातून आरपार गेली, अशा अर्थाचं एक वाक्य आहे त्यात. तिथे माझा हात थांबला. चहा गार झाला.

मला चटका लागला तो तारखांचा. फेब्रुवारी 1778 मध्ये त्याच्याच ऱ्होड आयलंडने कायदा केला: जो काळा किंवा इंडियन, म्हणजे तिथला आदिवासी, गुलाम भरती होईल तो मोकळा, मालकाला भरपाई सरकार देईल. अशा भरतीतून उभ्या राहिलेल्या पलटणीने 29 ऑगस्टला हेशियन, म्हणजे इंग्रजांच्या भाडोत्री जर्मन, सैनिकांचे हल्ले परतवले. कायदा झाला तेव्हा जेहू पळाला त्याला सहाच महिने झाले होते. म्हणजे वाट बघितली असती तर सैनिक, घाई केली म्हणून फरार! त्या पलटणीत नॅरागॅन्सेट जमातीचे लोकही होते. पण आमच्या फॉर्ममध्ये नाव, हुद्दा, पलटण, राज्य एवढेच रकाने. कोण गुलाम, कोण आदिवासी, हे टाइप करायला जागाच नाही.

मी ते शेऱ्यात लिहिलं. चार ओळी.

दुपारी तपासणीच्या पोराने फाईल परत पाठवली. "ताई, शेऱ्यात फक्त न लागलेले शब्द टाकायचे."

"सगळे लागलेत रे."

"मग शेरा रिकामा ठेवा ना."

रिकामा नाही ठेवला. तिसऱ्यांदा फाईल परत आली तेव्हा त्या चार ओळींची एक केली: 'अर्जदार गुलाम होता, अर्ज त्यामुळे नामंजूर.' ती मात्र त्याने जाऊ दिली. दिवसाची पानं भरली 23.